धागा जाऊ दे, कापड राहू दे

शिवणक्लासमध्ये सरळ टीप मारायला शिकवतात, मुंढ्याची गोलाई शिकवतात, कटोरीचे तुकडे जोडायला शिकवतात. उसवायला कोणी शिकवत नाही. ते आपोआप येतं असंच धरलेलं असतं. मग मुलगी घरी मशीन लावते, चार दिवसांत कोणीतरी जुना ब्लाउज घेऊन दारात येतं, ‘‘थोडासा ढिला करून द्या ना जी,’’ आणि तिच्या लक्षात येतं की शिवायच्या आधी उसवायचं आहे.

भंडारा जिल्ह्यात घरी शिवणकाम करणाऱ्या आम्हा बायकांचं वर्ष धानाच्या मागे चालतं. रोवणीच्या दिवसांत अर्ध्याअधिक जणी बांधीत असतात आणि मशीनवर जुनी चादर पडलेली असते. दिवाळीला आणि तिच्या पाठोपाठच्या मंडईच्या जत्रेला नवे कपडे, मग लगनसराई, आणि उन्हाळा सरताना गणवेश, कारण विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडतात. या प्रत्येक हंगामात नव्या शिलाईबरोबर जुनं आवळणं, सैल करणं, लांब करणं सुरूच असतं. त्या कामाचं हत्यार म्हणजे सीम रिपर. बोटभर लांबीचा, प्लास्टिकच्या मुठीचा. बऱ्याच घरगुती इलेक्ट्रिक मशीनच्या खोक्यात तो आयताच येतो आणि खोक्यातच राहतो.

त्याच्याबरोबर काम करताना जे कळत गेलं ते इथे क्रमाने मांडते. सगळ्याच्या मुळाशी हिशेब एकच आहे. धागा कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो. तेच कापड पुन्हा मिळेल याची खात्री नसते. म्हणून काही तुटायचंच असेल तर ते धाग्याचं तुटावं.

१. आधी टाका ओळखा

रिपर उचलण्याआधी शिवण दोन्ही बाजूंनी पाहून घ्यावी. आपल्या मशीनची टीप दोन धाग्यांची असते. वरचा सुईतून येतो, खालचा बॉबिनमधून, आणि दोघे कापडाच्या जाडीत एकमेकांत अडकतात. अमेरिकेत एलियस होवने १८४६ साली ज्या मशीनचं पेटंट घेतलं, तिचा टाकाही हाच. याचा गुण असा की एक टाका तुटला तरी शेजारचा जागेवर राहतो. त्यामुळेच ही शिवण एका ओढीत निघत नाही, ठिकठिकाणी कापावी लागते.

साखळी टाक्याचं उलट आहे. आमच्या तांदळाच्या जिल्ह्यात तो लहान मुलांनाही माहीत असतो, कारण पोत्याच्या तोंडाला तोच असतो. बरोबर टोक सापडलं की पोतं एका दमात सरसर उघडतं. दुसऱ्या टोकाने ओढलं तर धागा आवळत जातो आणि शेवटी विळा शोधावा लागतो. शिवण जिथे संपली असेल, ते टोक बरोबर. पुष्कळ जीनच्या कमरपट्टीला आणि पायाच्या दुमडीला असाच टाका असतो. तिथे रिपरने फक्त शेवटची गाठ सोडवायची, पुढचं काम बोटांचं.

तिसरा प्रकार इंटरलॉकचा; त्याचं वेगळं सांगते. टाका न बघता रिपर लावणारी बाई साखळी टाक्याचा एकेक फासा कापत बसते आणि साधी टीप ओढून तोडायला जाते. दोन्हीकडे वेळही जातो आणि कापडही ताणलं जातं.

२. टोक, मणी आणि धार: तिघांची कामं वेगळी

रिपरला दोन बोटं असतात. लांब बोट टोकदार. आखूड बोटाच्या टोकावर बहुधा लाल मणी. दोघांच्या मधल्या बेचक्यात धार असते. कापायचं काम फक्त त्या बेचक्याचं आहे. टोक टाक्याखाली शिरण्यासाठी, आणि मणी कापडाला सांभाळण्यासाठी.

नवीन मुली टोकानेच धागा खेचून तोडू पाहतात. टोकाने धागा तुटत नाही, ताणला जातो, आणि तो ताण विणीपर्यंत पोचतो. टोक टाक्याखाली घालावं, रिपर जरासा पुढे सरकवावा, धागा बेचक्यात येऊ द्यावा. धार चांगली असेल तर तो नुसत्या स्पर्शाने सुटतो. जोर लावावा लागला, तर एक तर टाक्याबरोबर कापडाचा दोराही उचलला गेला आहे, नाहीतर रिपर बोथट झाला आहे. दोन्ही बाबतींत थांबायचं.

जुने शिंपी दाढीच्या पत्तीने उसवतात आणि झपाझप उसवतात. त्यांचा हात बसलेला असतो. पण पत्तीला मणी नसतो. सुती शर्टावर ते चालून जातं, कोशाच्या रेशमी साडीवर नाही.

३. उलट्या बाजूने जा, तीन-चार टाके सोडून कापा

रोजच्या टिपेसाठी मी हीच पद्धत सांगते. कपडा उलटा करा. बॉबिनच्या बाजूने तीन टाके सोडून चौथा कापा, पुन्हा तीन सोडून चौथा. असं हातभर अंतर झालं की कपडा सुलटा करा आणि वरच्या धाग्याचं टोक नखाने उचलून ओढा. खालचा धागा तुकड्यांचा झालेला असल्याने वरचा अखंड निघून येतो. खाली राहिलेले तुकडे हाताने झटकले की पडतात.

टाक्याची लांबी अडीच मिलिमीटर असेल तर इंचाला साधारण दहा टाके बसतात. म्हणजे एका इंचात दोन-तीन ठिकाणीच धार लागते. प्रत्येक टाका कापला तर चौपट वेळ लागतो आणि चुकून कापडाला धार लागण्याची शक्यताही चौपट होते.

एक गोष्ट आधी तपासावी. कधी कधी दोन धाग्यांपैकी एक ताठ, सरळ रेषेत पडलेला दिसतो आणि दुसरा त्याच्यावर नुसता लटकलेला असतो. शिवताना टेन्शन बिघडलेलं असलं की असं होतं. ती शिवण म्हणून वाईट, पण उसवणाऱ्याचं नशीब. सरळ धाग्याचं टोक ओढलं की अख्खी शिवण सुटते, रिपर लागतच नाही.

शिवणीच्या दोन्ही टोकांना पुढे-मागे मारलेले टाके एकमेकांवर चढलेले असतात. सुरुवात तिथून करू नये. टोकापासून इंचभर आत सुरू करावं, मधली शिवण मोकळी करावी आणि गाठीचा भाग शेवटी, दोन्ही पदर वेगळे दिसायला लागल्यावर सोडवावा.

४. सरळ सरकवायची पद्धत सगळीकडे चालत नाही

मोबाइलवरच्या व्हिडिओत दोन पदर ताणून धरतात आणि रिपर एका झटक्यात खालपर्यंत नेतात. पद्धत खरी आहे. मणी आत, दोन पदरांच्या मधे, टाक्यांच्या खाली. टोकदार बोट वर. रिपर पुढे ढकलला की बेचक्यातले टाके ओळीने तुटत जातात. हे करताना शिवणीचं एक टोक मशीनच्या फुटाखाली दाबून ठेवलं की दुसरा हात मोकळा राहतो आणि ताण एकसारखा मिळतो.

ही पद्धत घट्ट विणीच्या, जाड, सरळ शिवणीच्या कापडासाठी. चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणीत किंवा वरठीच्या पोलाद कारखान्यात जाणाऱ्यांच्या जाड सुती पॅन्टी, पडदे, पिशव्या, उशांचे अभ्रे यांना ती छान. मुंढ्याच्या गोलाईवर, गळ्याच्या वळणावर, शिफॉनवर, होजिअरीवर आणि कोशावर ती वापरू नये. वळणावर रिपर सरळ जातो, शिवण वळते, आणि मधे कापड येतं.

५. कोशावर घड्याळ बाजूला ठेवा

मोहाडी, आंधळगाव, पवनी ही आमच्याकडची कोशाच्या विणकरांची गावं. ऐन आणि अर्जुनाच्या पानांवर वाढणाऱ्या अळीच्या कोशातून हा धागा निघतो. करवतीच्या दातांसारख्या काठाची करवत काठी साडी विदर्भाची, आणि तिला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. घरात अशी साडी एखादीच असते. सासूची सुनेकडे येते, आणि सून ब्लाउज घेऊन आमच्याकडे येते.

कोशाचा धागा एकसारख्या जाडीचा नसतो. मधे मधे बारीक गुठळ्या असतात, आणि तेच त्याचं रूप आहे. रिपरचं टोक नेमकं त्या गुठळीत अडकतं. ओढलं तर विणीतला दोरा खेचला जाऊन आडवी रेघ उमटते आणि ती मग हटत नाही. म्हणून कोशावर मी टोक कापडाला समांतर, जवळजवळ झोपवून धरते, आणि टाका उचलण्याआधी खालून बोट लावून पाहते. बोटाला फक्त धागा जाणवला पाहिजे. शंका आली तर रिपर ठेवून बारीक टोकाची कात्री घेते आणि दोन पदर हलकेच फाकवून मधला धागा कापते.

दुसरी अडचण भोकांची. सुई जिथून गेली तिथे कोशावर ठिपका राहतो. शिवण उसवल्यावर ते भाग नखाच्या पाठीने किंवा चमच्याच्या मागच्या बाजूने आधी उभे, मग आडवे हलके घासावेत. बाजूला सरकलेले दोरे थोडेफार जागेवर येतात. मग ओलसर, चांगलं पिळलेलं मलमलचं कापड वर ठेवून इस्त्री दाबावी. थेट पाणी शिंपडू नये, कोशावर पाण्याचे डाग पडतात. आधी मायेवर, म्हणजे शिवणीच्या आत सोडलेल्या कापडावर, करून पाहावं.

एवढं करूनही ठिपके पूर्ण जात नाहीत. म्हणून कोशाचा ब्लाउज आवळायचा असेल तर चिंता नाही, जुनी रेघ आत जाते. सैल करायचा असेल तर जुनी रेघ बाहेर दिसायला लागते. हे गिऱ्हाइकाला उसवायच्या आधी सांगावं, नंतर नाही. आणि नव्याने शिवताना अकरा नंबरची नवी सुई लावावी. घासलेल्या सुईने पडलेलं भोक कुठल्याच इस्त्रीने बुजत नाही.

६. ब्लाउज सैल करण्याआधी गणित मांडा

‘‘एक इंच ढिलं पाहिजे,’’ असं कोणी म्हटलं की नवशिकी दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच सोडते आणि ब्लाउज अंगावर लोंबायला लागतो. बाजूच्या शिवणीत पुढचा आणि मागचा असे दोन पदर असतात. शिवण पाव इंच बाहेर सरकवली की पुढचा भाग पाव इंचाने वाढतो आणि मागचाही. एका बाजूला अर्धा इंच झाला, दोन्ही बाजू मिळून एक. म्हणजे एकूण जेवढं हवं, त्याचा चौथा हिस्सा प्रत्येक शिवणीत सोडायचा.

आपल्याकडच्या शिंप्यांची एक चांगली रीत आहे. ब्लाउजच्या बाजूला ते एकापुढे एक दोन-तीन टिपा मारून देतात. अंग भरलं की आतली टीप काढायची, बाहेरची काम सांभाळते. पण आतली कापण्याआधी बाहेरची टीप बोट फिरवून पूर्ण तपासावी. पुष्कळदा ती काखेपर्यंत जाऊन थांबलेली असते आणि बाहीत शिरलेलीच नसते. तशी टीप भरवशाची समजून आतली सोडली, तर हात वर केल्याबरोबर काख उसवते.

बाही कशी जोडली आहे हेही पाहावं. बाही आधी लावून मग बाहीच्या दुमडीपासून कमरेपर्यंत एकच सलग टीप मारलेली असेल तर काम सोपं. बाही गोल करून मागाहून बसवली असेल तर काखेखालचा मुंढाही दोन-दोन इंच सोडवावा लागतो. मग बाजूची शिवण, मग बाहीची, आणि शेवटी मुंढा पुन्हा जोडायचा. एवढ्या कामाला बाई चहा होईपर्यंत थांबणार असेल, तर तिला उद्या या म्हणावं.

७. फॉल बदलताना फॉलचा मोह सोडा

सुती फॉल आधी भिजवून आटवला नसेल तर पहिल्या-दुसऱ्या धुण्यात तो आखडतो आणि साडीची खालची कड चुन्या घेऊन वर उचलली जाते. मग तो काढायचा.

फॉलचे टाके साडीचा जेमतेम एखादा दोरा उचलतात, तेही सुलट्या बाजूला दिसू नये म्हणून. त्यामुळे सुलट्या बाजूने तिथे रिपर लावायचाच नाही. साडी उलटी पसरावी, फॉलची कड अंगठ्याने वर उचलावी. फॉल आणि साडी यांच्यामधे धाग्याचे छोटे छोटे पूल दिसतात, ते मधोमध कापत जावेत. रिपरची पाठ साडीकडे, धार फॉलकडे. कधी कुठे कापलाच गेला तर फॉल कापला जाऊ दे. फॉल कटलरीच्या दुकानात मिळतो, साडी मिळत नाही.

नवीन फॉल लावताना तो आदल्या रात्री पाण्यात टाकावा, सकाळी वाळवून इस्त्री करावी. हे केलं की पुढची पुष्कळ वर्षं तिथे रिपर लागत नाही.

८. इंटरलॉकचा एकच धागा शोधायचा

कडेच्या इंटरलॉकला तीन धागे असतात आणि त्यांचं जाळं पाहून बायका घाबरतात. नीट पाहिलं तर त्यांपैकी एक धागा कडेपासून थोडा आत, सरळ रेषेत चाललेला दिसतो. तो सुईचा धागा. इतर दोन त्याच्याच आधाराने उभे असतात. सरळ धागा ठिकठिकाणी कापून ओढून काढला की बाकीचं जाळं आपोआप गळून पडतं. घाई असेल आणि कापड घट्ट विणीचं असेल तर कडेवरचे फासे रिपरच्या बेचक्याने ओळीने कापले तरी चालतं.

होजिअरीवर मात्र सरळ धाग्याचीच पद्धत धरावी. तिथे कापडाचा एक फासा तुटला की शिडीसारखं छिद्र लांबत जातं.

९. आरी, जरी, टिकल्या: तिथे रिपर नको

लग्नाच्या ब्लाउजवर हल्ली आरी वर्क असतंच. आरीचा टाका हाही साखळीचाच. म्हणजे गळा आत-बाहेर करण्यासाठी नक्षीतला एक फासा कापला, तर पुढचे मणी ओळीने सुटायला लागतात. जिथे थांबायचं आहे त्याच्या दोन टाके अलीकडे, उलट्या बाजूने, हातसुईने दुहेरी गाठ मारून घ्यावी. ती पक्की झाल्यावर पुढचा भाग सोडवावा. सुटलेले मणी, टिकल्या वाटीत जमा करून ठेवाव्यात, तोच रंग बाजारात सापडेल असं नाही. जरीच्या धाग्याची वरची चकाकी धार लागली की सोलली जाते, म्हणून जरीजवळ फक्त बारीक कात्री.

१०. काज उघडताना दोन टाचण्या

रिपरचं दुसरं काम काज उघडण्याचं. काजाच्या दोन्ही टोकांना आडवे दाट टाके असतात. ते तुटले की काज संपलं. म्हणून त्या टाक्यांच्या आत लागून दोन्हीकडे एकेक टाचणी आडवी खोचावी. रिपर एका टोकाकडून मध्यापर्यंत आणायचा, मग दुसऱ्या टोकाकडून मध्यापर्यंत. हात चुकला तरी टाचणी त्याला अडवते. सरावलेल्या हातांनीही टाचण्या वगळू नयेत. काज उघडणं हे शर्टाचं शेवटचं काम असतं, आणि तिथे कापलं गेलेलं झाकायला माया नसते.

११. उजेड वरून नको, बाजूने हवा

काळ्या कापडावर काळा धागा असेल तर डोक्यावरचा दिवा काही उपयोगाचा नाही. उजेड बाजूने, कापडाला जवळजवळ टेकून आला की प्रत्येक टाक्याची सावली पडते आणि शिवण उठून दिसते. दिवसा खिडकीजवळ बसावं. रात्री वीज गेली तर मोबाइलची बॅटरी टेबलावर आडवी ठेवून काम भागतं. शिवणीवरून पांढरा खडू हलका फिरवला तर धाग्यावर खडू बसतो आणि टाके दिसायला लागतात. खडू नंतर झटकता येतो. रंगीत खडू मात्र कोशावर नको.

मांडीवर घेऊन उसवू नये. टेबल नसेल तर पाटावर. धार नेहमी स्वतःपासून लांब जाणारी असावी, आणि काम थांबलं की रिपरला टोपी लागली पाहिजे. घरात रांगणारं मूल असतं, तेव्हा हे नियम आपोआप पाळले जातात. मूल शाळेत जायला लागलं की बायका टोपी विसरतात.

१२. उसवल्यावर लगेच मशीनवर बसू नका

उसवलेल्या कडेला धाग्यांचे तुकडे चिकटलेले असतात. ते तसेच ठेवून शिवलं तर ते नव्या टिपेत अडकतात, आणि मशीनच्या शटलमध्ये गेले तर मशीनच अडतं. चिकटपट्टीचा तुकडा बोटाला उलटा गुंडाळून कडेवरून फिरवावा. किंचित ओला तळहात फिरवला तरी सुती कापडावर काम होतं.

मग इस्त्री. जुनी घडी मोडून कापड सपाट झाल्याशिवाय नवी खूण करू नये. गळ्याच्या आणि मुंढ्याच्या वळणावर कापड तिरप्या विणीवर कापलेलं असतं, उसवताना ते हमखास ताणलं जातं. तिथे कडेला लागून एकेरी टीप मारून आकार धरून ठेवावा, मगच जोडावं. नाहीतर मुंढा मोठा होतो, बाही छोटी पडते आणि पुन्हा रिपर.

गणवेशाचं वेगळं दुखणं असतं. टेरिकॉटच्या पॅन्टची दुमड सोडली की जुन्या घडीवर फिकट रेघ राहते. आधी धुऊन पाहावं, काही वेळा ती नुसता मळ असते. पाण्यात थोडं व्हिनेगर मिसळून ओलसर कापडावरून इस्त्री केल्याने रेघ मंद होते. पण रंग जात नाही ना, हे आतल्या बाजूला तपासावं. पॉलिस्टरमध्ये उष्णतेने बसलेली घडी हट्टी असते. तरीही दिसली, तर त्याच रेघेवर कापडाच्या रंगाची एक टीप मारून टाकावी. मुलगा वर्गात बसला की ती कोणाला दिसत नाही.

१३. रिपरला आयुष्य असतं

त्याला धार लावता येत नाही, निदान घरी नाही. धागा कापायच्या ऐवजी खेचायला लागला की त्याचं काम संपलं. बायका कात्रीला धार लावून आणतात, सुई बदलतात, आणि रिपर मात्र मशीन जुनं होईपर्यंत तोच वापरतात. सतरा सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसायांमध्ये शिंपीकामही आहे आणि अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत आहे. अवजारांची यादी करताना सगळ्यांच्या डोळ्यांपुढे मशीन असतं. त्या यादीत दोन रिपर, बारीक टोकाची एक कात्री आणि चांगल्या टाचण्यांची डबी हेही लिहावं. एक रिपर मोठा, जाड कापडासाठी. एक लहान, बारीक टोकाचा. कापड फाटतं ते बहुतेक बोथट रिपरनेच, कारण जोर तिथेच लावला जातो.

१४. उसवणीचे पैसे वेगळे सांगा

अल्टरचं काम म्हणजे एक टीप, असं गिऱ्हाइकाला वाटतं. टीप मारायला दोन मिनिटं, तिच्याआधी उसवायला अर्धा तास. ‘‘एवढंसं तर आहे जी, त्याचे काय पैसे?’’ हे वाक्य मोहाडीपासून लाखांदूरपर्यंत सगळीकडे सारखंच ऐकू येतं. मी कपडा घेते, उलटा करते, शिवणी दाखवते: इथे अस्तर आहे, इथे इंटरलॉक, इथे दोन टिपा. मग उसवणीचे इतके आणि शिलाईचे इतके, असे दोन आकडे सांगते. डोळ्यांनी पाहिलेलं काम लोकांना पटतं. न पटलं तर कपडा परत घेऊन जातात, तेही बरंच. घाईत स्वस्तात केलेल्या उसवणीत कापड जातं आणि वर बोलणी बसतात.

१५. शिवतानाच उसवायची सोय ठेवा

दुसऱ्यांचे कपडे उसवता उसवता माझं शिवणंच बदललं. फिटिंगची खात्री नसेल तर आधी टाका मोठा ठेवते, चार-पाच मिलिमीटरचा, वेगळ्या रंगाच्या धाग्याने आणि टोकाला गाठ न मारता. गिऱ्हाईक घालून पाहतं, मग पक्की टीप. कच्चा धागा एका ओढीत निघतो. बाजूला इंचभर माया सोडते आणि ती जपून इंटरलॉक करते. कडा छाटून ‘स्वच्छ’ दिसण्यापेक्षा आत कापड असलेलं बरं. वाढत्या वयाची मुलगी, बाळंतपणानंतरची सून यांची मापं बदलणार हे माप घेतानाच ठाऊक असतं. त्यांच्या ब्लाउजला मी न विचारता तीन टिपा मारते, आणि बाहेरची टीप बाहीच्या दुमडीपर्यंत नेते.

तो ब्लाउज पुढच्या वेळी माझ्याकडेच येईल असं नाही. मुलगी लग्न होऊन तुमसरला जाईल, साकोलीला जाईल, तिथल्या बाईच्या मशीनवर तो उलटा होईल. तिला आत मोजून सोडलेली माया, सरळ टीप आणि बाहीपर्यंत पूर्ण गेलेली बाहेरची टीप मिळाली, तर तिचा अर्धा तास वाचेल आणि कापडाला धार लागणार नाही.